माझ्या पाठीवरचा पत्ता

मित्रांनो, मला पायरी चढता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या गोष्टीत जिथं जिथं पायरी येईल तिथं मी खालीच उभी असेन, आणि वर काय घडलं ते मला मागाहून कळलेलं असेल. मी हातानं चालवायची तीनचाकी सायकल आहे, आता बरीच जुनी. पुढं एक चाक, मागं दोन, मध्ये बसायची जागा आणि उजव्या हाताशी एक दांडा. तो फिरवला की साखळी ओढली जाते आणि मी चालू लागते. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांचे हात मला चालवतात. माझं सगळं आयुष्य भिलाईत गेलं आणि तेही कमला मेश्राम नावाच्या एकाच बाईच्या हाताखाली. मला याचा अभिमान आहे. वर्षाला मालक बदलणाऱ्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या आठवतात आणि अंगावर फवारलेला आकाशी रंग आठवतो. आम्हा चाळीस जणींना दोरीनं बांधून ट्रकमधून आणलं आणि एका शिबिराच्या मैदानात ओळीनं उभं केलं. भाषणं झाली. हार पाहुण्यांना घातले, आम्हाला नाहीत. कमला तेव्हा तिशीची होती. पोलिओनं तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेले होते. ती जमिनीवरून हातांच्या जोरावर सरकत चालायची आणि तळवे सोलले जाऊ नयेत म्हणून चपला घालायची. पायांत नव्हे, हातांत.

तिला उचलून माझ्यावर बसवलं. तिनं दांडा एकदा फिरवून पाहिला आणि मग जी सुटली ती मैदानाच्या फाटकापाशीच थांबली. मागून तिचे बाबा धावत आले.

"थांब वं पोरी! फोटो काढाचा हाय अजून!"

"काढा ना, बाबा," ती म्हणाली, "पन धावत काढा."

हे बाबा म्हणजे कवडू मेश्राम. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तरुणपणी भिलाईला आलेले आणि तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये पेंटर म्हणून चिकटलेले. वॅगनवरचे आकडे, भिंतींवरच्या सूचना, 'सावधान'चे लाल फलक, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचं अक्षर असं सरळ होतं की आखून काढल्याचा भास व्हावा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पांढऱ्या रंगाची डबी आणली, माझ्या पाठीचा पत्रा पुसला आणि त्यावर लिहिलं: कवडू मेश्राम, सेक्टर ७, सडक २१, क्वार्टर ४-बी. कमला डबी धरून शेजारी बसली होती.

"बाबा, गाडी माही, अन् माहं नाव कावून नाही टाकलं?"

"अवं, क्वार्टर माह्या नावानं हाय ना. ज्याच्या नावाचं घर, त्याचंच नाव पत्त्यावर येते." ब्रश पुसता पुसता ते म्हणाले, "आता कुठीबी हरपली तं भेव नाही. लोकं वाचतीन अन् घरी आणून सोडतीन तुले."

ती हसली. तीस वर्षांची बाई कशाला हरवते? पण बापाला लेक कधी मोठी दिसते का?

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं फार चांगली गेली. कमला साड्यांना फॉल-पिको करायची. माझ्या बैठकीखालच्या पेटीत साड्या भरून आम्ही सडकासडकांतून हिंडायचो, कधी सुपेला बाजारापर्यंत जायचो. चौदा एप्रिलला मला धुऊनपुसून निळे झेंडे बांधले जात आणि मिरवणुकीत बायका मला पुढं घालत. माझा आकाशी रंग त्या दिवशी उगाचच जास्त उठून दिसायचा. कमलाचे दंड सुताराच्या दंडांसारखे घट्ट झाले. "कमला येऊन राहिली," असं लोक माझ्या साखळीच्या आवाजावरून ओळखत.

तिला सरकारची अपंग पेन्शन मिळत असे. रक्कम मोठी नव्हती. पण कमलानं तिला एक काम नेमून दिलं होतं: घरातली महिन्याची तूरडाळ त्या पैशातून यायची. बाकीचं घर भाऊ अमरदीप चालवायचा. तो रसमड्याच्या एका कारखान्यात ठेक्यावर होता. डाळ मात्र कमलाची. पेन्शन आली की आम्ही किराण्याच्या दुकानी जायचो आणि ती डाळ हातात घेऊन, दाणे चोळून, दुकानदाराशी हुज्जत घालून घ्यायची. वहिनी सीमा म्हणायची, "ताई, एखाद्या महिन्यात मी आणली तं काय बिघडते?" कमला म्हणायची, "माह्या ताटातलं माह्या हातानं येऊ दे."

मग बाबा गेले. प्लांटचं क्वार्टर म्हणजे नोकरीपुरतं घर. निवृत्तीनंतर काही वर्षं मुदत वाढवून मिळाली होती, तीही बाबांबरोबर संपली. अमरदीपनं जामुलच्या पुढं, सिमेंट कारखान्याच्या पलीकडच्या एका वस्तीत दोन खोल्या बांधल्या होत्या. सामान टेम्पोत चढलं. कमलानं रिकामं क्वार्टर स्वतः सरकत सरकत झाडून काढलं आणि किल्ली दिली. शेजारची वच्छलाबाई मला धरून रडली. टेम्पोत मला उलटी बांधली होती, त्यामुळं सडक २१ दूर जाताना मी शेवटपर्यंत पाहिली.

नव्या घरी माझ्या अंगावर सिमेंटची बारीक धूळ बसू लागली. घराला नंबर नव्हता, गल्लीला नाव नव्हतं. समोर ठकूबाईचं छोटंसं दुकान होतं आणि कोणी पत्ता विचारला तर सगळे म्हणायचे, "ठकूबाईच्या दुकानासमोर."

आता चूक कुठं झाली ते सांगते. पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे आणि सांगितलेल्या घरी राहतो, याची दरवर्षी तपासणी होते. कमलाचं नाव अजून जुन्या हद्दीतल्या ऑफिसात होतं, म्हणून त्या वर्षी आम्ही तिकडंच गेलो. मैदानात मांडव होता, पायरी नव्हती. मी तिच्याखालीच होते, त्यामुळं हे मी माझ्या कानांनी ऐकलं. रजिस्टर घेऊन बसलेल्या मुलीनं विचारलं, "पता?"

मित्रांनो, भिलाईच्या माणसाला पत्ता विचारा, तो गावाचं नाव घेत नाही. सेक्टर, सडक, क्वार्टर हे तीन आकडे त्याला पाढ्यांसारखे पाठ असतात आणि छाती जराशी पुढं काढून तो ते म्हणतो. कमलानंही म्हटले. "सेक्टर सात, सडक इक्कीस, चार-बी." मुलीनं लिहून घेतलं.

घरी आल्यावर अमरदीप कपाळाला हात लावून बसला. "ताई, आपण तं तिथं राहून नाही राहिलो आता!"

"तोंडातून निंगालं रे. चाळीस वर्साची सवय हाय. अन् इथचा पत्ता काय सांगू? नंबर तरी हाय का या घराले?"

"मंग जाऊन बदलवून ये."

"जाईन ना. पुढच्या हप्त्यात जाईन."

पण लग्नसराई आली, साड्यांचे गठ्ठे आले आणि तो पुढचा हप्ता काही उगवला नाही. तपासणारा माणूस मात्र वेळेवर क्वार्टरवर गेला. तिथल्या नव्या बिऱ्हाडानं खरं तेच सांगितलं, इथं कोणी कमला राहत नाही. भिंतीपलीकडच्या वच्छलाबाईला सगळं ठाऊक होतं. तिला कोणी विचारलंच नाही.

एका महिन्यात पैसे आले नाहीत. दुसऱ्याही महिन्यात आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात बँकेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "दीदी, ऊपर से ही बंद है।"

तिथून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. नंदिनी रोडनं निघायचं, पॉवर हाऊसच्या अंडरब्रिजखालून जायचं आणि पलीकडच्या चढावर कमलाचा दम निघायचा. जुन्या ऑफिसला अकरा पायऱ्या होत्या, नव्या घराच्या हद्दीतल्या ऑफिसला सतरा. दोन्हीकडं मी खाली उभी. कमला हातांत चपला चढवायची आणि लोकांच्या पायांमधून एकेक पायरी वर सरकायची. कोणी बाजूला व्हायचं, कोणी तिला ओलांडून जायचं. ती परत आली की मी तिच्या तोंडाकडं पाही. त्यावरून कळायचंच.

जुन्या ऑफिसातले म्हणाले, तुम्ही आता आमच्या हद्दीत नाही, नव्या ऑफिसात नाव लिहा. नव्या ऑफिसातले म्हणाले, आधी तिकडून नाव कापल्याचा कागद आणा. म्हणून पुन्हा जुनं ऑफिस.

"आपका नाम कटा नहीं है, रुका है," तिथले बाबू म्हणाले. "कटा ही नहीं, तो कटने का कागज़ कैसे दें?"

कमलानं मला हे जसंच्या तसं सांगितलं. ती माझ्याशी बोलायची. रस्त्यात कोणी पाहिलं तर गाणं म्हणते असं दाखवायची. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' असं आपण थट्टेनं म्हणतो. थांबणाऱ्याचं ताट कोणी पाहत नाही.

ताटाचंच सांगते. मी दारातच उभी असायची, त्यामुळं चुलीपर्यंतचं मला दिसायचं. पेन्शन बंद झाली आणि डाळ अमरदीप आणू लागला. कमला भात वाढून घेई, कडेला मिरचीचा ठेचा घेई आणि डाळीची वाटी हळूच मागं सारी. सीमानं आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी तिनं पळी आपटली.

"ताई, डाळ कावून खाऊन नाही राहिल्या तुमी?"

"जमत नाही पोटाले."

"इतके वर्सं जमली ना? खरं सांगा."

कमला भात कालवत राहिली. मग म्हणाली, "माही नाही ना आता ते. कशी खाऊ?"

सीमा पदर तोंडाला लावून बाहेर आली आणि माझ्या बैठकीवर डोकं टेकून उभी राहिली. शाळेत शंभर मुलांचा स्वयंपाक करणारी बाई ती, पण घरातल्या एका माणसाला वाटीभर डाळ तिला खाऊ घालता येत नव्हती. त्या दिवशी माझ्या जिवाला फार लागलं.

शेवटी नव्या ऑफिसातल्या बाबूंना दया आली म्हणा किंवा कंटाळा आला म्हणा. ते म्हणाले, आमचा माणूस घर पाहायला येईल. तुम्ही तिथंच राहता असं त्यानं लिहिलं तर पुढचं आमचं आम्ही पाहू. कमला आठ दिवस दारातून हलली नाही. साड्यासुद्धा दारातच बसून शिवल्या. नवव्या दिवशी सकाळी जुन्या ऑफिसातून फोन आला: आज साहेब आहेत, नाव कापल्याच्या कागदासाठी लगेच या. माझी साखळी आदल्याच दिवशी तुटली होती. अमरदीपनं सुट्टी टाकली, तिला मोटरसायकलवर मागं बसवलं, ओढणीनं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि नेलं. तिथंही काही हाती लागलं नाही, हे मला मागाहून कळलं. सीमा शाळेत गेली. दाराला कुलूप लागलं. ठकूबाई दुकान बंद करून माल आणायला सुपेल्याला गेलेली.

आणि नेमका त्याच दुपारी तो आला. राजकुमार त्याचं नाव, ते मला मागाहून कळलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं कडी वाजवली, दोनदा हाक मारली, बाटलीतलं पाणी प्यायला. इकडंतिकडं पाहिलं तर गल्लीत कोणी नाही. मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. तो वाकला, माझ्या पाठीवरची धूळ त्यानं हातानं पुसली आणि वाचलं.

"अच्छा, तो सेक्टर वाली है," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं मोबाइलवर माझ्या पाठीचा फोटो काढला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. अरे थांब, ती इथंच राहते, तिच्या हातांचा घाम अजून या दांड्यावर आहे! पण मी लोखंडाची. बाबांनी इतक्या सुबक अक्षरात लिहिलेलं माझ्या पाठीवर होतं आणि मी तिच्याच विरुद्ध साक्ष दिली.

दहा दिवसांनी, माझी साखळी जोडून झाल्यावर, ती सतरा पायऱ्या चढून गेली तेव्हा तिला तो फोटो दाखवला. शेऱ्यात लिहिलं होतं, घर बंद, अर्जदार सेक्टरमध्ये राहते असं दिसतं. त्या दिवशी उतरताना तिच्या एका हातातली चप्पल निसटून खाली माझ्याशी येऊन पडली. ती तशीच उघड्या हातानं उतरली. माझ्यावर बसली, पण दांड्याला हात लावला नाही. किती तरी वेळानं मान मागं वळवून पाठीच्या पत्र्याकडं पाहत म्हणाली, "बाबा, हे तं तुमीच लिवलं होतं."

मला वाटलं, आता ही मला भंगारात देणार. दिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं अमरदीपकडून पॉलिश पेपर मागवला आणि जुन्या ट्रंकेतून बाबांचा ब्रश काढला. अमरदीप म्हणाला, "ताई, मी घासतो. तुह्याच्यानं नाही होणार."

"माह्याच्यानंच होईन," ती म्हणाली.

आधी क्वार्टर गेलं, मग सडक, मग सेक्टर. बाबांच्या नावापाशी ती थांबली. डोळे पुसले, पुन्हा घासू लागली. पांढऱ्या अक्षरांखालून माझा पहिला आकाशी रंग निघाला, शिबिरातल्या दिवशीचा. मग तिनं ब्रश बुडवला. तिचं अक्षर बाबांसारखं नाही. ओळ उजवीकडं चढत गेली आणि जागा पुरेना म्हणून शेवटचे शब्द दाटीवाटीनं बसवले. ठकूबाई दुकानातून उठून पाहायला आली. "अवो बाई, माहं दुकान लिवलं का तू!" म्हणून ती हरखली.

सोमवारी आम्ही नव्या ऑफिसात गेलो. मी नेहमीप्रमाणं पायऱ्यांपाशी थांबले. पण कमलानं हातांत चपला घातल्या नाहीत. तिनं मला पायऱ्यांच्या अगदी समोर आडवी लावली आणि वर तोंड करून हाक मारली. सडकासडकांतून हाका मारून कमावलेला तिचा आवाज.

"साहब! इतने महीने मैं ऊपर आई। एक बार आप नीचे आइए!"

वरच्या खिडकीत डोकी जमली. खाली लोक खोळंबले. कोणी म्हणालं, रस्ता सोडा. ती म्हणाली, "मेरे ऊपर से तो रोज जाते हो, आज रुक जाओ।" थोड्या वेळानं राजकुमार सतरा पायऱ्या उतरून खाली आला, त्याच्या मागं बाबू. कमला त्याला म्हणाली, "तुम उस दिन इसकी पीठ पढ़के गए थे ना? आज फिर पढ़ो।"

तो वाकला आणि मोठ्यानं वाचू लागला: "कमला कवडू मेश्राम. ठकूबाईच्या दुकानासमोर." पुढं वस्तीचं नाव होतं. वाचून झाल्यावर त्यानं मान वर केली नाही.

"चलिए दीदी," तो म्हणाला. "अभी चलते हैं।"

पुढं मी आणि मागं त्याची मोटरसायकल. माझ्या वेगानं गाडी हळू चालवणं सोपं नाही, पण त्यानं चालवली. चढावर तो उतरला आणि त्यानं मला ढकललं. ठकूबाईनं साक्षीला अंगठा दिला. कमलाचा दारातला फोटो निघाला, त्यात मीही आहे. बाबा म्हणाले होते ना, लोकं वाचतीन अन् घरी आणून सोडतीन. बाबांचं बोलणं उशिरा का होईना, खरं झालं.

तरी पेन्शन यायला आणखी दोन महिने गेले, आणि मधल्या महिन्यांचे पैसे बुडाले ते बुडालेच. ते कोणी परत दिले नाहीत आणि देतील असंही वाटत नाही. पैसे आले त्या दिवशी आम्ही ठकूबाईच्या दुकानी गेलो. कमलानं डाळ हातात घेतली, दाणे चोळले आणि दरावरून ठकूबाईशी भांडली. दुपारी सीमानं ताट वाढलं. कमलानं वाटी पुढं ओढली आणि डाळ भातावर ओतली. घरातले सगळे तिच्या हाताकडं पाहत होते आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होते.

आता मी थकले आहे. पुढचं चाक डगडगतं, बैठकीचा फोम निघालाय. माझी तुमच्याकडं एकच मागणी आहे, मित्रांनो. तुमच्या शेजारून कोणी घर सोडून गेलं तर ते कुठं गेलं, हे विचारून ठेवा. उद्या कागद घेऊन कोणी दारात आलं, तर "इथं राहत नाही" एवढंच सांगून दार लावू नका. आणि तुम्ही मोठे होऊन कधी असा कागद घेऊन निघालात, तर बंद दार पाहून परत फिरू नका, शेजारच्या दाराची कडी वाजवा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूच्या पाठीवरचं वाचून माणसाचा हिशेब लावू नका. पाठीवर लिहिलेलं जुनं असू शकतं.

कमला म्हणते, हे घर काही शेवटचं नाही. पुन्हा कुठं जावं लागलं तर दुकानाची ओळ घासू आणि नवी लिहू. पॉलिश पेपरचा उरलेला तुकडा तिनं माझ्या पेटीत जपून ठेवला आहे. वरची ओळ मात्र कोणी घासायची नाही, असं तिनं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. पंधरा वर्षं मी तिची गाडी होते. तिचं नाव माझ्या पाठीवर आत्ता आलं.